मुळं पाण्यात आणि पऱ्हाटी सुकलेली: ग्लुकोज पेशीत कुठं अडतं

दोन दिवस झड लागते, वावरात पाणी तुंबतं, मग कडक ऊन पडतं आणि मुळं पाण्यात बुडालेली असताना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माना टाकते. ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्लेली गाय बघता बघता आडवी होते, पण तिचं रक्त लालभडक असतं. ओलसर धान्याच्या पोत्यात हात घातला तर आत गरम लागतं. हे सगळं समजायला दहावीच्या विज्ञानातला एकच धडा पुरतो: पेशी ग्लुकोजचं विघटन करून ऊर्जा कशी मिळवते. पोरं हा धडा 'एकूण ३८ एटीपी' (एटीपी म्हणजे पेशी लगेच खर्चू शकते असं ऊर्जेचं नाणं) असा पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. माझ्या मते याचं कारण असं, की धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा धागा आकड्यांखाली दबून जातो. तो धागा आहे एनएडी.

ग्लुकोज म्हणजे सहा कार्बनचा रेणू. १८० ग्रॅम ग्लुकोज १९२ ग्रॅम ऑक्सिजनबरोबर पूर्ण जळालं की २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १०८ ग्रॅम पाणी आणि सुमारे २८०० किलोज्यूल ऊर्जा मिळते. चुलीत जाळा की पेशीत, हिशोब हाच. पेशी मात्र हे एका भडक्यात करत नाही. ती ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन थोडे थोडे काढते आणि एनएडी नावाच्या वाहक रेणूवर लादते. भरलेल्या एनएडीला एनएडीएच म्हणतात. पेशीत एनएडीचा साठा फार थोडा असतो, म्हणून तोच तोच रेणू भरायचा, रिकामा करायचा, परत आणायचा. जिनिंगवर बंड्या रिकाम्या झाल्या नाहीत तर वावरातला कापूस कितीही फुटलेला असो, उचलायला बंडीच नसते; पेशीतही तसंच होतं. खाली दिलेला प्रत्येक बिघाड वाचताना एवढंच विचारा: इथं एनएडी कुठं रिकामा होणार होता?

पहिला टप्पा ग्लायकोलायसिस. तो पेशीद्रव्यात होतो, त्याला ऑक्सिजन लागत नाही, आणि त्याच्या दहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट लागलेलं ग्लुकोज पेशीच्या पटलातून बाहेर निसटू शकत नाही. तिसऱ्या पायरीत दुसरं फॉस्फेट लागतं. इथवर दोन एटीपी खर्च झालेले असतात. ही तिसरी पायरी पेशीचा खरा नियंत्रण-बिंदू आहे: एटीपी भरपूर असेल तर तिथलं विकर मंदावतं, एटीपी संपत आलं की जोर धरतं. चौथ्या पायरीत सहा कार्बनचे तीन-तीनचे दोन तुकडे होतात. सहाव्या पायरीत एनएडी भरतो, दोन तुकड्यांचे मिळून दोन एनएडीएच. सातव्या आणि दहाव्या पायरीत मिळून चार एटीपी बनतात. हाती निव्वळ दोन एटीपी, दोन एनएडीएच आणि पायरुविक आम्लाचे दोन रेणू उरतात.

नवव्या पायरीतलं इनोलेज हे विकर फ्लोराइडनं बंद पडतं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या करड्या झाकणाच्या बल्बचं, म्हणजे रक्ताचा नमुना ठेवायच्या नळीचं, कारण हेच आहे. शरीराबाहेर काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या बल्बमध्ये, खोलीच्या तापमानाला, दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर घटते. मे महिन्यातल्या जीपमध्ये त्याहून जास्त. उपाशीपोटी १३० असलेली साखर तीन तासांनी तालुक्याच्या प्रयोगशाळेत १०८ च्या आसपास भरते. मधुमेहाची रेषा १२६ वर आहे, म्हणजे मधुमेही माणूस त्या रेषेच्या खाली दिसतो. करड्या झाकणाच्या बल्बमध्ये सोडियम फ्लोराइड असतं. रक्त घेतल्यावर तो हळुवार आठ-दहा वेळा उलटसुलट करावा लागतो, नाहीतर पावडर तळाशीच राहते. आणि फ्लोराइड लगेच काम करत नाही. ते नववी पायरी अडवतं, पण पहिल्या पायऱ्यांची विकरं पुढचे एक-दोन तास ग्लुकोज ओढतच राहतात. म्हणून करडा बल्ब असला तरी नमुना बर्फाच्या डब्यातून लवकर पोचवलेला बरा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यामुळे अंगातलं ग्लायकोलायसिस थांबतं का, असा प्रश्न येतो. थांबत नाही. बल्बमध्ये ते लिटरला हजारो मिलिग्रॅम या प्रमाणात असतं, बोअरच्या पाण्यात काही मिलिग्रॅम. त्या पाण्याचं नुकसान दातांवर आणि हाडांवर होतं, आणि तेही गंभीरच आहे.

आता ऑक्सिजन नसेल तर काय? दोन एनएडीएच भरून उभे आहेत आणि ते रिकामे झाले नाहीत तर सहावी पायरी अडते. पेशी मग ते ओझं पायरुविक आम्लावरच उतरवते. मोहाची फुलं भिजत घातली की त्यातलं यीस्ट पायरुविक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरलेल्यावर इलेक्ट्रॉन उतरवतं. त्याचं अल्कोहोल होतं. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. यीस्टला अल्कोहोल नको असतं, त्याला एनएडी परत हवा असतो. दही लावणारे जिवाणू आणि आपले स्नायू यांच्याकडे पायरुविक आम्लाचं लॅक्टिक आम्ल होतं. शंकरपटात बैलजोडी सुटते तेव्हा पहिले काही सेकंद स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेटवर निघतात, नंतर भार ग्लायकोलायसिसवर येतो आणि रक्तात लॅक्टेट चढतं. हे लॅक्टेट विष नाही. हृदय ते थेट जाळतं, आणि यकृत सहा एटीपी खर्चून दोन लॅक्टेटचं पुन्हा एक ग्लुकोज करतं. बैल पळाल्यावर लगेच खुंट्याला न बांधता थोडा वेळ चालवला तर लॅक्टेट लवकर उतरतं. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी लॅक्टिक आम्लामुळे असते हा समज मात्र चुकीचा आहे. ती स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे असते.

मुरघासाचं तंत्रही याच पायरीवर उभं आहे. मका चिकात असताना, ओलावा ६५ ते ७० टक्के असताना, दोन सेंटीमीटरचे तुकडे करून दाबून हवा काढली, की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात, सामू (पीएच) ४ च्या जवळ येतो आणि साधारण ४५ दिवसांत चारा तयार होतो. दाबण्यात कसर राहिली तर आत अडकलेल्या हवेवर कापलेल्या पानांच्या पेशी श्वसन करत राहतात, जिवाणूंसाठीची साखर जळून जाते, ढीग तापतो, मग बुरशी येते. तपकिरी रंग आणि तंबाखूसारखा वास आला तर समजायचं, हवा राहिली होती.

ऑक्सिजन असेल तर पायरुविक आम्ल तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाघर) शिरतं. दारातच त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो, एक एनएडी भरतो (ग्लुकोजमागे दोन) आणि ॲसिटिल को-एन्झाइम-ए तयार होतं. हे करणाऱ्या विकरसमूहाला ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, लागतंच. शरीरात थायमिनचा साठा सुमारे ३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच. भंडारा-गोंदियाकडे भात हेच मुख्य जेवण आहे, आणि तांदळाला जितकं पॉलिश जास्त तितकं थायमिन कोंड्यात गेलं. उकड्या तांदळात ते टिकतं, कारण धान वाफवताना कोंड्यातलं जीवनसत्त्व दाण्यात मुरतं. अनेक वर्षं दारू पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाला अत्यवस्थ स्थितीत दवाखान्यात आणलं तर डॉक्टर ग्लुकोजच्या सलाइनआधी किंवा सोबत थायमिन देतात. ते दिलं नाही तर ग्लुकोज पायरुविक आम्लापर्यंत येऊन या दारात तुंबतं, असलेलं थोडं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते.

पुढचं क्रेब चक्र हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडलं, १९५३ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. एका ग्लुकोजमागे चक्राचे दोन फेरे, चार कार्बन डायऑक्साइड, सहा एनएडीएच, दोन एफएडीएच२ (एनएडीएचसारखाच दुसरा भरलेला वाहक) आणि दोन एटीपीच्या बरोबरीचे जीटीपी. इथं ग्लुकोजचा शेवटचा कार्बनही बाहेर पडला, आणि अजून ऑक्सिजनचा एक रेणूही खर्च झालेला नाही. आपण घेतलेल्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होतो असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही, त्या ऑक्सिजनचं पाणी होतं.

ते पाणी इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या शेवटी बनतं. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात प्रथिनांचे चार संच असतात. एनएडीएच पहिल्या संचावर इलेक्ट्रॉन उतरवतो आणि रिकामा होऊन परत जातो. एफएडीएच२ चे इलेक्ट्रॉन दुसऱ्या संचातून येतात. तिथून तिसरा, मग चौथा, आणि चौथ्यावर ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. या वाटेवर पहिला संच चार, तिसरा चार आणि चौथा दोन प्रोटॉन पटलाच्या बाहेर ढकलतो. पटलाच्या दोन बाजूंत सुमारे ०.१५ ते ०.१८ व्होल्टचा फरक तयार होतो. प्रोटॉन परत आत यायला एकच मोठी वाट, एटीपी सिंथेज. त्यातून जाताना ते या विकराचा एक भाग प्रत्यक्ष गरगर फिरवतात आणि एटीपी बनतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा कोणी मानायला तयार नव्हतं. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खुद्द एटीपीच्या शोधात आपल्याकडच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा वाटा आहे. कार्ल लोमान यांनी जर्मनीत आणि सायरस फिस्के व सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये, १९२९ मध्ये ते शोधलं. पाठ्यपुस्तकांत हे नाव ठळकपणे यायला हवं.

आता ३८ चा प्रश्न. एका एनएडीएचमागे तीन आणि एफएडीएच२ मागे दोन एटीपी धरले, की दहा एनएडीएचचे ३०, दोन एफएडीएच२ चे ४, वर थेट मिळालेले ४, असे ३८ होतात. परीक्षेत तेच लिहावं. पण मोजणीत एका एनएडीएचमागे दहा प्रोटॉन आणि एका एटीपीला, ने-आण धरून, सुमारे चार प्रोटॉन लागतात असं दिसलं. म्हणजे तीन नव्हे, अडीच. आणि एफएडीएच२ चे दोन नव्हे, दीड. मग २५, ३ आणि ४ मिळून ३२. ग्लायकोलायसिसमधले दोन एनएडीएच तंतुकणिकेच्या आत थेट जात नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन काही पेशींत कमी फायद्याच्या वाटेनं आत जातात, तिथं ३०. खरा आकडा हा.

किराळ

इथून पुढं साखळी तुटते तेव्हा काय होतं ते पाहू. सगळ्यात स्वच्छ उदाहरण किराळीचं, म्हणजे कोवळ्या ज्वारीतून होणाऱ्या विषबाधेचं, आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावरानं ते चावलं आणि पोटातल्या सूक्ष्मजीवांनी फोडलं की हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. सायनाइड चौथ्या संचातल्या लोहाला जाऊन चिकटतं. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळत नाहीत, मागची सगळी साखळी भरून थांबते, एनएडीएच रिकामे होत नाहीत, क्रेब चक्र बंद पडतं. पेशीकडे उरतात ग्लायकोलायसिसचे दोन एटीपी, आणि मेंदू व हृदयाचं त्यावर भागत नाही. फुफ्फुसं ठीक असतात, रक्तात ऑक्सिजन भरलेला असतो, पण तो कोणी घेत नाही. म्हणून रक्त आणि हिरड्या लालभडक दिसतात. जनावर धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, थरथरतं, कोसळतं. कधी कधी हे सगळं पंधरा मिनिटांत होतं.

धोका कधी असतो? पीक गुडघ्याएवढं होईपर्यंत, पावसाचा खंड पडून सुकलेलं असताना, आणि खंडानंतर पाऊस आल्यावर किंवा कापणीनंतर खोडव्याला कोवळे फुटवे येतात तेव्हा सगळ्यात जास्त. फुलोऱ्यानंतर प्रमाण बरंच उतरतं. कापून उन्हात नीट वाळवलेल्या कडब्यात ते फारसं राहत नाही. उपाशी ढोरं अशा वावरात सोडू नयेत. आधी कुटार खाऊ घालावं. लक्षणं दिसली तर पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा, आणि आडव्या झालेल्या जनावराच्या तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्राइट रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचं रूप असं बदलतं की सायनाइड तंतुकणिका सोडून त्याच्याकडे येतो. थायोसल्फेट त्याचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीतून जातं. एक सावधगिरी: खंड पडलेल्या, भरपूर युरिया दिलेल्या चाऱ्यातून नायट्रेटची विषबाधाही होते. तिथं रक्त चॉकलेटी दिसतं, आणि तिथं नायट्राइट दिलं तर जनावर दगावेल. म्हणून डॉक्टरांना फोनवरच रक्ताचा आणि हिरड्यांचा रंग सांगा.

वाफसा गेलेली मुळं

आता पऱ्हाटी. मुळांना पानांकडून साखर मिळते, पण ऑक्सिजन त्यांना मातीतूनच घ्यावा लागतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते, भेगा आणि पोकळ्या बुजतात. मातीत उरलेला ऑक्सिजन मुळं आणि सूक्ष्मजीव एक-दोन दिवसांत संपवतात. मग मुळाची पेशी यीस्टची वाट धरते, अल्कोहोल बनवून एनएडी मोकळा करते. ३० ऐवजी दोन एटीपी. एटीपीवर चालणारी नत्र आणि पालाश आत ओढण्याची यंत्रणा मंदावते. पेशीतलं आम्ल वाढतं, आणि त्या आम्लामुळं पाणी आत घेणाऱ्या पटलावरच्या वाटा बंद होतात. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं सुकतं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींनाही ऑक्सिजन लागतो, त्यामुळं ते पिवळं पडतं. धानाच्या मुळांत वरून हवा उतरायला पोकळ नळ्या असतात, म्हणून त्याला हा त्रास नाही.

अशा वेळी पहिलं काम पाणी काढणं: ओळींमध्ये चर, उताराच्या बाजूला बांध फोडून वाट. त्या दिवशी जमिनीतून युरिया देऊ नका. मूळ तो ओढू शकत नाही, आणि हवेविना माती त्यातलं नत्र वायू करून उडवते. वाफसा येताच डवरणी करा. तोपर्यंत पानांवर २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, चालते. मोठ्या खंडानंतर जोरदार पाऊस किंवा ओलित होऊन बोंडांनी लदलेली पऱ्हाटी एकाएकी सुकते, तिला आकस्मिक मर म्हणतात. त्यात लक्षणं दिसल्याबरोबर कोबाल्ट क्लोराइड लिटरला १० मिलिग्रॅम फवारायची शिफारस नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था करते. कोबाल्ट झाडातलं इथिलिन बनणं अडवतं. उशीर झाला की उपयोग होत नाही.

कृषी केंद्रातल्या कपाटातही ही साखळी दिसते. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेतलं कार्बोक्झिन बुरशीचा दुसरा संच अडवतं. ॲझोक्सिस्ट्रोबिन तिसरा. कोळ्यांवरचं फेनपायरॉक्झिमेट पहिला. पांढऱ्या माशीवरचं डायफेन्थियुरॉन थेट एटीपी सिंथेजवर बसतं. क्लोरफेनापिर पटलातून प्रोटॉनची गळती करतं, म्हणजे जळण जळतं पण एटीपी बनत नाही. हे माहीत असण्याचा फायदा असा, की वेगळ्या नावाचं पण त्याच संचावरचं औषध पुन्हा मारलं तर कीड सरावते; आलटून पालटून मारायचं ते वेगळ्या ठिकाणी काम करणारं. प्रोफेनोफॉससारखी औषधं मात्र श्वसनावर नाही, मज्जातंतूंवर जातात, त्यांचा उपचार वेगळा. विषबाधा झालेल्या माणसासोबत डबा दवाखान्यात न्यायचा तो यासाठी. आपली तंतुकणिका किडीच्या तंतुकणिकेपेक्षा फार वेगळी नाही. हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा टाळून चालत नाही.

तापलेलं पोतं

साठवलेलं धान्य जिवंत असतं. ओलावा कमी असेल तर श्वसन अगदी मंद. ओलावा वाढला की दाणा आणि त्यावरची बुरशी दोन्ही जोर धरतात, आणि दर १० अंशांमागे वेग साधारण दुप्पट होतो. एका क्विंटल ज्वारीतली फक्त १०० ग्रॅम साखर जळाली तर सुमारे १५५० किलोज्यूल उष्णता निघते. ती बाहेर पडली नाही तर सगळा ढीग सुमारे ८ अंशांनी तापतो. शिवाय ६० ग्रॅम नवं पाणी तयार होतं. म्हणजे ओलं धान्य स्वतःला आणखी ओलं आणि आणखी गरम करतं. म्हणून सोयाबीन १० ते १२ टक्के ओलाव्यावर आणूनच थप्पी लावावी, पोती भिंतीपासून आणि जमिनीपासून उचलून ठेवावीत, आणि दर काही दिवसांनी थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घालून पाहावं. गरम लागलं तर त्याच दिवशी ओतून पसरावं.

जिथं अजून जुनी पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, आहेत तिथं याचीच दुसरी बाजू जिवावर येते. बंद पेवातलं धान्य ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. तोंड उघडल्याबरोबर उतरू नये. बराच वेळ उघडं ठेवून पंख्यानं किंवा ब्लोअरनं हवा खेळवावी. कंदील सोडून पाहायची जुनी रीत अर्धवट आहे: दिवा विझला तर धोका नक्की, पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा सुरक्षित असं नाही, कारण ज्योत टिकण्याइतका ऑक्सिजन असतानाही कार्बन डायऑक्साइड माणसाला बेशुद्ध करेल इतका असू शकतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर किमान दोन माणसं हवीत. खालचा माणूस पडला तर त्याच्यामागं कोणी उडी घालायची नाही, दोरानं वर ओढायचं.